वस्तुस्थितीचा प्रश्न

फोंड्याच्या बसस्थानकामागे माझं टायपिंगचं दुकान.
धाकू गावड्याची फाईल इथेच वाढली,
सोळा पानांची चारशे बारा झाली,
पानाला तीन रुपये होते तेव्हापासून.

आरोप एका ओळीचा :
कुंडईच्या कारखान्यात, रात्रपाळीत,
वजनकाट्यावर झोपलेला आढळला.
उत्तरही तेवढंच :
हांव न्हिदूंक नाशिल्लों.
चष्म्याचा स्क्रू पडला होता, वाकून शोधत होतो.

पणजीच्या कामगार न्यायालयानं स्क्रूवर विश्वास ठेवला.
कामावर परत घ्या, म्हणालं.
कंपनी पर्वरीचा चढ चढली.
तिथे नोकरीचे पैसे झाले
आणि स्क्रू एका परिच्छेदात सरकला,
पुढच्या कागदांत तळटिपेत.

दिल्लीला जाण्याआधी वकीलबाई इर्मा कुलासो
इथेच, या स्टुलावर बसून त्याला सांगत होत्या :
तिथलं दार हक्कानं उघडत नाही, धाकू.
आधी आत येऊ का, एवढंच विचारायचं असतं.
आणि वस्तुस्थिती खालीच ठेवायची,
देवळाबाहेर चपला ठेवतात तशी.
वर चढतो तो फक्त कायद्याचा प्रश्न.

तो म्हणाला, मी झोपलोच नव्हतो,
हा कायदा नव्हे?

बाईंनी चहा संपवला.
मी प्रिंटरमध्ये कागद भरला, भरलेला असताना.

आदेश आला तो दीड ओळीचा.
हस्तक्षेपाचं कारण दिसत नाही.
बारा वर्षांत या फाईलमध्ये
इतकं बिनचूक पान दुसरं नव्हतं.

बाई म्हणतात ते खरंच आहे :
प्रत्येक वजनकाटा दिल्लीला नेला
तर तिथे माणसांना उभं राहायला जागा उरायची नाही.
जिन्याला शेवटची पायरी हवीच कुठेतरी.
मला पटतं. दिवसा पटतं.

आज धाकू आला, कंपनीचा चेक बँकेत भरून.
म्हणाला, अजून एक पान टाइप कर.
कोणाला उद्देशून?
कोणालाच नको. वरची जागा मोकळी ठेव.
तारीख घाल. वेळ घाल, दोन वाजून दहा मिनिटं.
काट्यावर ट्रक नव्हता, ते घाल.
स्क्रू सापडला होता, तेही घाल,
ते कधी कुणी विचारलंच नाही.

मी विचारलं, कुठे सापडला?

त्यानं स्टूल पुढे ओढलं.