नखावर

हरिपूरच्या घाटावर, खालून तिसऱ्या पायरीला
आप्पांनी एक खोबण पाडली आहे.
पाडली म्हणजे पडली,
चाळीस वर्षं तिथंच गळ घासून.
पायरी देवस्थानची.
खोबण आमची.
पूर ओसरला की आधी तीच शोधायची,
बोटानं गाळ उकरून.

आता त्यांचे डोळे गढूळ. डबा माझ्याकडे आला.
बिस्किटाचा. आत जुन्या स्लिपरचा तळ,
त्यात टोचलेले एकवीस गळ:
वांबीचे, शिंगाळ्याचे, मरळीचे मोठे दोन
आणि एक बारका, जो कधी दोरीला लागत नाही.

"टोकाकडनं न्हाई गं. बुडाकडनं टोकाकडं.
आतल्या अंगाला दोन, भाईरनं एक.
कानस रेटू नको, नुसती जाऊ दे."
मी रेटते.
त्यांना आवाजावरून कळतं.

मग अंगठ्याच्या नखावर गळ अलगद ठेवायचा.
घसरला, तर पुन्हा.
अडकला, तर झाला.
सोमवारी पतसंस्थेत पावती देताना
बाई माझ्या नखावरचे ओरखडे बघते,
मांजर पाळलंय का विचारते.
हो म्हणते मी.

बोथट गळाला मासा सुटतो, एवढंच मला ठाऊक.
"सुटतो, पर ओठ ठेवून जातो," आप्पा म्हणाले.
"मग त्याला खाता येत न्हाई. लवकर मरता बी येत न्हाई."
आणि बराच वेळ तंबाखू शोधत राहिले.
खिशातच होती.

तो बारका भरमाच्या कानात घुसला होता.
मी सहा वर्षांची, फेकताना मागं बघितलं नाही.
घाटावरचे सगळे म्हणाले, ओढा.
आप्पांनी ओढला नाही, पुढं ढकलला,
टोक कातडीतून बाहेर आणलं,
पकडीनं दात तोडला, मग आल्या वाटेनं मागं घेतला.
वर चिमूटभर हळद.
भरमा गप्प. भोंगा माझा.

दात नसलेल्या गळाला धार कशाला,
हे मी एकदाच विचारलं.
उत्तर आलं नाही, कानस आली.

खोबरेलाचं बोट फिरवून एकेक परत टोचते.
"एकवीस?"
"एकवीस."
"त्यो बारका आण इकडं."
त्यांच्या जाड, पिवळ्या नखावर ठेवते.
मला तर अडकल्यासारखा वाटतो.
ते मान हलवतात.
"अजून एक हात. उद्या."