फक्की

सर म्हणाले, मामा, तुम्हीही बोला दोन शब्द.
माइकसमोर माझी जीभ
उन्हात पडलेल्या पाइपासारखी:
आधी नुसती हवा, मग गढूळ,
पाणी कधी यायचं ते येईल.

तोवर बाकीच्यांनी सगळं सांगून टाकलेलं.
बारावीला ब्याण्णव टक्के.
अठरा गोल, आणि एकतीस पास
ज्यांवर दुसऱ्यांनी गोल केले.
शेवटी समाजसेवा, एका दमात,
जेवणावर बडीशेप द्यावी तशी.

ओजस रणपिसे खुर्चीत अवघडून बसलेला,
अंगावर शाल, मांडीवर नारळ,
बुटांना सकाळची माझी फक्की.

तेवीस वर्षं मी खडकीच्या ह्या मैदानावर
पहाटे दोरी ताणून रेषा मारतो.
पोरं रेषा बघतात.
हा रेषांमधली जागा बघायचा.
पायात चेंडू, मान वर,
आणि जिथं अजून कुणी पोचलेलंच नाही
तिथं धाडून द्यायचा.
लोक ओरडायचे, आंधळा आहे का रे!
मग त्या रिकाम्या जागेत
कुठूनसा मुश्ताक उगवायचा धापा टाकत
आणि चेंडू त्याच्या पायाशी,
ओळखीच्या कुत्र्यासारखा.

अभ्यासाला साक्षीदार माझ्या पत्र्याच्या खोलीतला बल्ब.
घरी एका खोलीत सहा माणसं आणि टीव्ही,
म्हणून हा इथं, फक्कीच्या पोत्यावर, गणितं सोडवत.
एकदा म्हणाला, मामा, कॉर्नरचा काटकोन कसा काढता?
म्हटलं, दोरीला गाठी मारायच्या.
तीन, चार, पाच.
तो हसला, वही पुढं केली.
तेच होतं तिथं, कुठल्याशा ग्रीक माणसाच्या नावावर.
त्या रात्री पहिल्यांदा वाटलं
आपण अडाणी नव्हे,
नुसते नापास.

समाजसेवा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं.
हिची सोनोग्राफी होती, शनिवारी ससूनला गेलो,
तर केसपेपरच्या खिडकीपाशी हा,
भिंतीवर कागद टेकवून
एका म्हातारीचा फॉर्म भरत.
आजी, वय?
दुष्काळातली हाय मी, बाबा.
बहात्तरच्या?
त्यात तर माझं लगीन झालं.
ह्यानं बोटांवर वजाबाकी केली, आकडा लिहिला,
मग कुठला मजला, कुठलं दार
ते हात लांब करून दाखवलं,
मुश्ताकला दाखवायचा तस्सं.
आम्हाला बघून लाजला.
हिला मात्र स्टूल आणून दिलं, कुणाचं ते विचारू नका.

एक गोष्ट कुणीच बोललं नाही.
फायनलला त्याची पेनल्टी बारवरून गेली.
कप गेला.
दुसऱ्या पहाटे तो मैदानावर हजर.
म्हटलं टेप धर, ठिपका परत मारू.
अकरा मीटर हवे होते.
निघाले साडेअकरा.
आदल्या दिवशी हिचा रिपोर्ट आला होता,
हातात फक्कीचा डबा, डोळे कुठं तरी.
मी मटकन खाली बसलो.
तो म्हणाला, अर्ध्या मीटरनं काय होतंय मामा,
पाय माझाच हलला.
मग बुटानं ठिपका पुसला,
बराच वेळ पुसत राहिला,
गवताची मुळं दिसेपर्यंत.

आज माइकसमोर ते ओठांपर्यंत आलं.
माणसं थांबलेली, पंखा गरगरतोय,
त्यानं तिकडून मान हलवली. नको.

मग मी दोन शब्द बोललो.
मोजून दोन:
पोरगं चांगलंय.

हशा. टाळ्या.
तो उठायला गेला, नारळ मांडीवरून घरंगळला,
आणि जमिनीला टेकायच्या आत
त्यानं पायावर झेलला.