आचरणाचा रकाना

घैसास हे आडनाव हजीऱ्यात कुणाच्या जिभेवर बसत नाही.
घीसा मॅडम, म्हणतात. घीसा मॅडम आल्या.
म्हणून मी दोन घरं अलीकडेच स्कूटी लावते,
कुणाचा तरी पत्ता विचारल्यासारखं करते,
मग वळते त्याच्या दारी.
हे नियमात कुठे लिहिलेलं नाही.

नियमात लिहिलंय ते असं:
घरची परिस्थिती पाहावी, संगत पाहावी,
काम मिळवून देण्याची खटपट करावी,
भरपाईचे हप्ते कुठवर आले ते विचारावं,
आणि अट मोडली, तर
न्यायालयाला कळवावं.

हरगोविंद माहौर, वय वीस.
बंद मिलच्या आवारातून तांब्याची तार, साडेचार किलो.
त्याचा आजा त्याच मिलमध्ये साच्यावर होता,
हे मी अहवालात घातलं.
आईच्या हातच्या बिड्या रोजच्या किती, हेही घातलं.
चार पानं, हिंदीत.
साहेबांनी चष्मा वर सरकवून वाचली
आणि मुलगा तुरुंगाऐवजी घरी गेला,
दोन वर्षांच्या जामीनपत्रावर.
त्या रात्री मला झोप लागली नाही.
आपल्या अक्षराला एवढं वजन असतं
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

पौषात दोन शनिवार तो हजेरीला आला नाही.
'लल्ला बजार गओ है,' आई म्हणाली.
दोन्ही वेळा तोच बाजार.
तिनं चहाचं आधण ठेवलं, मी पाणी मागितलं.
अकरा वर्षं या वस्तीचं पाणी पितेय, चहा नाही.
ती विस्तवाकडे बघत राहिली,
मी खुंटीकडे. स्वेटर नव्हता.

रविवारी मुरैन्याची बस धरली.
धुकं असं, की जिल्ह्याची हद्द कधी ओलांडली कळलं नाही.
त्यालाही कळली नसेल, असं एकदा मनात आलं.
कळली असणार.

स्टँडमागच्या गल्लीत आवाज येत होता, धप, धप,
गजकवाल्याचं कारखानं.
चौघं उभे, हातात लाकडी मोगऱ्या,
मधे तीळगुळाचा ऊन ऊन गोळा.
त्यानं मला पाहिलं
तेव्हा त्याची मोगरी वर होती.
थांबवता येईना. ताल चुकला तर
शेजारच्याची बोटं जायची.
माझ्याकडे बघत बघत तो घाव घालत राहिला,
आणि मी मोजत राहिले. सतरा.

'कौन हैं?' मालकानं विचारलं.
माझ्या पर्समध्ये ओळखपत्र होतं.
ते दाखवायचा मला अधिकार आहे,
आणि ते दाखवलं की हा मुलगा
उद्या या भट्टीवर नसणार, हेही मला ठाऊक होतं.
'गजक लेने आई हूँ,' म्हटलं. 'आधा किलो.'

परतीच्या बसमध्ये पुडा मांडीवर कोमट होता.

रात्री फाईल उघडली.
विनापरवानगी जिल्हा सोडला: हो.
कारण: मजुरी, रोज साडेतीनशे, दोन हप्ते फिटतील.
परवानगीचा अर्ज जोडला, त्याच्याकडून उद्या सही घ्यायची,
तारीख उद्याचीच. मागची नाही.
बाबूनं सुचवलं असतं मागची,
आणि माझा हातही जरा अडखळला, खोटं कशाला बोलू.

उरला शेवटचा रकाना. आचरण.
संतोषजनक लिहायचं, की त्याच्याआधी
एक अ.
एवढंच. एक अ, काना धरून.
मी पेन टेकवलं, उचललं,
शाईचा ठिपका मात्र पडला तिथे.
आता साहेब विचारतील, हा कसला ठिपका.

आतून आई म्हणाली, गजक खुसखुशीत आहे गं, कुठली?
पैसे देऊन घेतलीय, मी म्हटलं,
कुणी विचारलं नसताना.