दोन बोटं डावीकडे

जांभळी नाक्यावर शिडी लावायची
तर आधी कोथिंबीरवालीची माफी मागावी लागते,
मग रिक्षांची, मग तिथल्या सांडाची.
वर कोणी बघत नाही.
बघेल तो भेंडीच्या पाटीत पडेल.

गाला शेठना नवा फ्लेक्स हवा होता,
वीस बाय सहा, आतून लाइट:
'सर्व मोबाइलची कव्हरं मिळतील'.
जुना काढला तर मागे पत्रा,
साडी सेंटर, फोन नंबर सहा आकडी.
पत्र्यामागे फळी, हातानं रंगवलेली,
वनस्पती तुपाचा डबा धरून हसणारं मूल,
डोळे वाळवीनं खाल्लेले.
फळी निघाली
आणि कबुतरांच्या घाणीसकट
एक भिंत समोर आली.

चुन्याची. हात लावला तर गार.
तुळयांच्या टोकांना सागवानी केळफुलं,
एकाची पाकळी तुटलेली.
कमानीच्या माथ्यावर दोन त्रिकोण
एकमेकांत अडकवलेले, आणि खाली
हनोख सिमसन किहीमकर, शके १८०९.
बुजवलेल्या गॅलरीच्या दाराला
उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला,
करंगळीएवढी तिरकी खाच.
कशाची, ते कळेना.
खिळ्याची नव्हे. खिळे मला कळतात.

खाली तराजू दुरुस्त करणारे मुख्तारचाचा
मान वर न करताच म्हणाले,
"तेलवाल्यांचं घर ते. अब्बा सांगायचे,
शनिवारी घाणा बंद,
बैलालासुद्धा सुट्टी.
गेले सगळे बोटीनं.
एक मुलगी पत्र पाठवायची दिमोनाहून,
आत मराठी, तिकिटावर भलतीच लिपी.
विचारायची,
जिना अजून करकरतो का?"

जिना कुठे होता
ते चाचांनाही सांगता येईना.

"ए जयेंद्र, झोपलास का वर?
चारला भटजी येतायत!"
मी टेप लावली, खडूनं खुणा केल्या.
मधली खूण नेमकी
त्या त्रिकोणांच्या पोटात आली.
ड्रिल चालू होतं.
खाली कांद्याचा टेम्पो, भोंगा, शिव्या.

मी दोन बोटं डावीकडे सरकलो.

बोर्ड जरा वाकडा बसलाय.
खालून दिसत नाही, पण शेठना दिसतो,
आठवड्याला फोन करतात, येऊन सरळ कर.
येतो म्हणतो.
शनिवार सोडून कधीही.