टनामागे दीडशे ग्रॅम

गिरणी काय बोलते ते एलेउतेरियोला कळतं.
एकतीस वर्षं तिच्या पोलादी पोटाशी उभा राहून
एक कान गेला. उरलेल्या कानानं तो सांगतो,
आत गोळे दगडावर पडतायत की गोळ्यांवर गोळे,
की चिखल इतका दाटलाय
की पडणाऱ्या गोळ्याला उशीसारखा झेलतोय.

आज उशीच आहे.
पडद्यावरचा आकडा हे अकरा मिनिटांनी कबूल करेल.

मी पंपाची चकती अर्धा आटा फिरवते.
टनामागे दीडशे ग्रॅम.
मधाच्या रंगाचं, बोटांवर साबणासारखं बुळबुळीत,
वास कशाचाच नाही.

ते दगड फोडत नाही.
नव्या पोरांना हे आधी सांगावं लागतं,
पिंपावरची कवटी बघून त्यांना वाटतं, खात असेल, जाळत असेल.
फोडतात ते गोळेच.
आणि भेग तर आधीपासून असते,
डोंगर थंड होत होता तेव्हाची, केसाहून बारीक.
घाव बसला की ती जरा उघडते
आणि लगेच मिटायला बघते.
उघडं पडणं दगडालाही नको असतं.
तेवढ्यात हे आत शिरतं
आणि दाराच्या फटीत पाय घालून उभं राहतं.
बस्स.
पुढचा घाव मग हलकाही पुरतो.

खाली कालामाचे दिवे. वर, अंधारात,
विसेंता आत्याचं गाव, जिथं लामांच्या पायाखालचं ओलं गवत
माझ्या लहानपणी घोट्यापर्यंत बुडायचं
आणि आता चुरचुरतं.

इंजिनियर रोसामेल खूश आहे:
चिखल पातळ वाहतो, तरी पाणी कमी लागतं,
वीज वाचते, तांबं तेवढंच, उलट जास्तच.
वाचलेलं पाणी कुठे जातं? मी विचारलं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी पगाराचं विचारलं असावं.
मग म्हणाला, जास्त दगड दळायला.

आत्या म्हणते, त्यांना विचारून काय होणार,
दगडाला कधी पाझर फुटलाय?
नसेल फुटला, आत्या.
मी आयुष्य दगडात काढलंय. पाझराचं मला माहीत नाही.
भेगेचं माहीत आहे.

गुरुवारी पाण्याची सुनावणी होती,
शाळेच्या जेवणघरात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर.
मी कंपनीचा कोट घालूनच गेले, दुसरा कोट नव्हता.
उभी राहिले आणि एकच विचारलं,
ताशी किती घनमीटर वाचतं, तो आकडा सांगा.
समोरच्या टेबलावर कुणीतरी पेन खाली ठेवलं.
कुणीतरी घसा खाकरला आणि पुढच्या विषयाकडे वळू लागला.

मी बसले नाही.

आकडा अजून मिळालेला नाही.
पहाटेचे चार. एलेउतेरियो मान तिरकी करून
चांगला कान गिरणीकडे नेतो, बोट वर करतो:
थांब. ऐक.
आता दगडावर पडतायत.