दुसरा नांगर

तिघऱ्याच्या पाण्यावर सहा आठवडे.
आठ पिंपांवर तरंगणारी पत्र्याची नाव,
तळाशी किती गाळ बसलाय ते मोजायचं
आणि रोज संध्याकाळी आकडे भोपाळला पाठवायचे.
आकडे मिळतात. जात नाहीत.

टॉवर आहे, गावामागच्या टेकडीवर.
रात्री त्याचा लाल दिवा स्वच्छ दिसतो.
त्याच्याकडे तोंड करून मी बांबूला अँटेना बांधते,
पट्ट्या आवळून, जोडावर रबराची टेप गुंडाळून,
दोन काड्या येतात, तीन येतात,
मग वारा कूस बदलतो
आणि नाव नांगराभोवती सावकाश वळते
अँटेनासकट, माझ्यासकट,
काठावरच्या बाभळींकडे नेट मागत.

आठ वाजता बाबांचा फोन.
झटका आल्यापासून ते बोलणं पुन्हा शिकतायत.
तोंडपाठ असेल ते रोज म्हणून घ्या, डॉक्टर म्हणाले.
रामरक्षा बाबांना कधीच पाठ नव्हती.
छोट्या लाईनीवर एकतीस वर्षं गार्ड होते,
म्हणून स्टेशनं म्हणतात.
घोसीपुरा. मोतीझील. मिलावली.
बामौर गाव
आणि मग काहीच नाही.
"तुझी रेंज नाहीये गं," मागून आई.
"हो ना," मी म्हणते, "वारा आहे."
सुमावली.
मधली दोन मी मनातल्या मनात भरून घेते.

रामसेवक बाथम विडी ओढत सगळं बघत होते.
चौदाव्या दिवशी बोलले,
"बिन्नू, नाव एक पाँव पे ठाड़ी है,
घूमेगी नईं तो का करेगी?"
आणि मागच्या टोकाला दुसरा दोर बांधला,
दोराला जात्याची फुटकी तळी.
गुडुप.
नाव थबकली.
आता वारा आला की ती जागच्या जागी थरथरते,
लाटा बाजूने बडवतात, ताटल्या वाजतात,
झोप नाही धड,
पण अँटेना टॉवरवरची नजर काढत नाही.

पाणी मात्र रोज चार बोटं उतरतं.
उन्हाळा आहे, शहर पितंय.
पाण्याबरोबर आम्हीही खाली जातो
आणि टेकडीची कड दिव्यापुढे चढत येते.
दर रविवारी मी बांबूला बांबू जोडते.
लश्करातले नळ माझी एकेक काडी पिऊन टाकतायत
असं काही मी भोपाळला कळवलेलं नाही.

मंगळवारी तिसरा बांबू उभा राहिला.
चार काड्या.
जिवाजीगंजातल्या आमच्या खोलीतला पंखा ऐकू आला,
एक पातं कुठेतरी घासतं त्याचं, ते घासणंसुद्धा.
आई लसूण ठेचत होती.
गल्लीतून कुणाची तरी स्कूटर गेली, पुन्हा आली.
घोसीपुरा. मोतीझील. मिलावली.
बामौर गाव.
पंखा.
पंखा.
बाबांचा श्वास, मग ओठ मिटल्याचा आवाज,
पुन्हा उघडल्याचा.
पंखा.
"तुझी रेंज नाहीये गं," आई म्हणाली,
आणि तिच्या आवाजात कुठेही खरखर नव्हती.

किती दिवस झाले असतील तिला हे म्हणताना?
बाबांनाही ती हेच सांगत असणार.

दोर सोडून टाकावा असं रात्री दोनदा वाटलं.
सोडला नाही. आकडे जायचे असतात.
त्या रात्री सगळे गेले, एका दमात,
कोणत्या कोपऱ्यात किती गाळ, दोन दशांशांपर्यंत.

बुधवारी पाणी इतकं गप्प होतं
की निवळी चालली तरी रेघ उमटत होती.
आठ वाजले.
"बाबा, आज इथे फार वारा आहे हं,"
मी आधीच सांगून टाकलं,
"मधलं मधलं तुटेल."
रामसेवकांनी तोंडातली विडी काढली,
आभाळाकडे पाहिलं, मग दोराकडे,
आणि पुन्हा जाळं विणायला घेतलं.

"हं," बाबा म्हणाले. "वारा."
हा शब्द त्यांना अख्खा आला.
मग, "घोसीपुरा."