दुरुस्तीला आलेला दिलरुबा

टायर रिमोल्डिंगवाला बचित्तरसिंग
सांगली रस्त्यावरून मिरजेत चालत आला, भर वैशाखात,
काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी,
दवाखान्यात लेकरू आणावं तसं.
"शिकलगार, वाजेल का हे पुन्हा?"

दिलरुबा. कातडं फाटलेलं, घोडी गायब,
तरफेच्या तारा गंजून एकमेकींत अडकलेल्या.
चुलत्याचा, तरनतारनचा.
चौऱ्याऐंशीच्या जूनपासून कुणी हात लावला नव्हता.
का, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
आमच्या गल्लीत लाकडाला वय विचारतात,
गिऱ्हाइकाला नाही.

माझा पणजा संस्थानात तलवारींना धार लावायचा.
साहेबानं हत्यारं काढून घेतली
तेव्हा तो तारेकडे वळला.
पोलाद तेच, फक्त कापायचं नाही.
हे ऐकून बचित्तर हसला. म्हणाला, आमच्यात उलटं झालं.
माळ जपणारं घर. बापाला हालहाल करून मारलं,
आणि अकरा वर्षांच्या पोरानं गादीवर बसताना
दोन तलवारी बांधल्या,
एक मीरीची, एक पीरीची.
(एक दरबाराची, एक दर्ग्याची,
मी माझ्यापुरता अर्थ लावला.)
आणि बादशहाच्या ओट्याहून उंच ओटा बांधला
हरिमंदिरासमोर.
"किती उंच?"
सुताराचा प्रश्न.
त्यानं हात वर केला, आणखी वर,
मग खाली घेतला, चहाचा ग्लास धरायला.

मी खुंट्या काढत ऐकत होतो.
लाहोरचा तो एका डोळ्याचा राजा, सगळा पंजाब मुठीत,
त्याच ओट्यासमोर गुन्हेगार म्हणून उभा राहिला.
म्हणतात, चिंचेला बांधून घेतलं, पाठ उघडी केली.
चिंचेला?
आमच्या दर्ग्यातही चिंच आहे. उरुसात तिच्याखाली
भलेभले गवई येऊन बसतात सतरंजीवर.
मी म्हटलं, झाडाला कुठं कळतं
कोण गायला आलंय, कोण फटके खायला.
"फटके पडलेच नाहीत म्हणे. राजा वाकला,
तेवढ्यावर पंथ विरघळला.
तिथं चुकलं, की तिथंच बरोबर होतं,
यावर आमच्या घरी अजून ताटं अर्धी राहतात."

तोफांबद्दल तो फार बोलला नाही.
ओटा पडला. सरकारनं घाईनं उभा केला.
लोकांनी तो उतरवून पुन्हा आपल्या हातानं बांधला.
एवढंच.
आणि हो, यंदा कमिटीच्या निवडणुकीत
त्याचा मेहुणा उभा आहे. दोन जीप, एक आमदार,
आणि पोस्टरवर दोन तलवारी.

तिसऱ्या दिवशी कातडं सोललं.
आत, चिरेवर, कुणा जुन्या कारागिरानं
सरसानं डकवलेला पेपरचा कपटा. गुरुमुखी.
फोन केला. तो धावत आला, चष्मा विसरून.
खोकं डोळ्यांशी नेऊन अक्षरं जुळवली:
'तख्त'. पुढे फाटलेलं.
"तख्त असेल. नाहीतर तख्ता.
सिंहासन, नाहीतर तिरडीची फळी.
आमच्याकडे दोन्ही एकाच दमात म्हणतात."
एका कान्याचा फरक. सरसाखाली गेलेला.

ब्लेडनं खरवडून बघू का, मी विचारलं.
तो बराच वेळ गप्प.
पलीकडे कुणाच्या तरी तंबोऱ्याची जवारी
लागत होती, लागत नव्हती.
"चीर धरून ठेवलीय ना त्यानं?"
"धरलीय."
"मग राहू दे."

नवं कातडं चढवलं. तरफा बदलल्या.
वरच्या तारेवर गज फिरला की
खालच्या, कुणी न छेडता, थरथरतात,
जुळल्या असतील तर.
बचित्तरनं विचारलं, यातली मीरी कुठली?
मी वाजवून दाखवलं. पुन्हा वाजवलं.
त्यानं पैसे मोजून ठेवले, चादर घडी केली,
या खेपेला वाद्य उघडंच काखेत घेतलं.

तो वळणापर्यंत गेल्यावर आठवलं,
खालची सातवी तार
उतरलेलीच राहिली.